बागेतल्या शोभेच्या वस्तू : आधी जागा, मग खरेदी

दिवाळी झाली की अंगणाची डागडुजी निघते, आणि या वेळी आलेल्या पत्रांत शोभेच्या वस्तूंविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत. सोलापुरात बागेत काहीही मांडायचे तर तीन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्या लागतात : फुगणारी-आकसणारी काळी माती, बोअरचे जड पाणी आणि मार्चपासून तापणारे ऊन. बाजारातल्या पुस्तकांतले बरेच सल्ले बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी लिहिलेले असतात. इथे वस्तू बिघडतात त्या वेगळ्या कारणांनी, म्हणून उत्तरे देताना कारणेही दिली आहेत. कारण कळले की तुमच्या अंगणापुरता उपाय तुम्हालाच सुचतो.

प्रश्न : आमच्या बंगल्यापुढे १२ फूट रुंद, २० फूट लांब बाग आहे. हौसेने घेता घेता फायबरचे हरिण, सशांची जोडी, बेडूक, मातीचे तीन हत्ती, सिमेंटची बदके, बुद्धांचा चेहरा अशा चौदा-पंधरा वस्तू जमल्या. एकेक वस्तू छान आहे, पण सगळे मिळून पसारा वाटतो. काय ठेवावे, काय काढावे? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सगळ्या वस्तू उचलून दोन दिवस पोर्चमध्ये ठेवा आणि रिकामी बाग पाहा. तीन जागांवरून पाहायची : फाटक उघडून आत येताना, झोपाळ्यावर किंवा ओट्यावर बसून, आणि ज्या खिडकीशी घरातली माणसे जास्त वेळ असतात तिथून. प्रत्येक ठिकाणाहून नजर जिथे आपोआप थांबते तिथे एक वीट ठेवून खूण करा. २४० चौरस फुटांत अशा दोन, फार तर तीन जागा निघतील. तितक्याच मुख्य वस्तू मांडायच्या. एका जागी बसून दोन मुख्य वस्तू एकदम दिसत असतील, तर त्यांतली एक हलवा किंवा मध्ये उंच झाड येऊ द्या.

आता आकार. ज्या अंतरावरून वस्तू पाहणार, त्याच्या साधारण चौथ्या ते पाचव्या हिश्श्याइतकी तिची उंची असावी, ओटा किंवा चौथरा धरून. झोपाळ्यापासून १२ फुटांवर काही ठेवायचे असेल तर अडीच ते तीन फूट उंची हवी. तुमचे ससे आणि बेडूक सहा-आठ इंचांचे असणार; १२ फुटांवरून ते हिरवळीत सांडलेल्या खेळण्यांसारखे दिसतात. त्यांची जागा पावलांजवळ आहे : पायरीच्या कोपऱ्याला, वाटेच्या वळणावर, मोठ्या कुंडीच्या आडोशाला. जवळ गेल्यावरच दिसतील असे ठेवले की तेच बेडूक मजा आणतात.

नवी मोठी वस्तू घेण्याआधी तिची जागा स्टुलावर उपडी बादली आणि वर एखादे जुने धोतर टाकून अजमावा. सकाळी आठला, दुपारी आणि संध्याकाळी पाचला पाहा. दुकानात डोळ्यात भरणारी वस्तू आपल्या भिंतीपुढे बुजते, याचे कारण बहुतेक वेळा पार्श्वभूमी हे असते. क्रोटनची ठिपकेदार पाने किंवा फुललेली बोगनवेल हीच मुळात एवढी बोलकी असते की तिच्यापुढे शिल्प हरवते. मेंदीचे किंवा कामिनीचे सलग गडद कुंपण हा उत्तम पडदा. भाजलेली माती हिरव्यापुढे किंवा पांढऱ्या चुन्यापुढे उठून दिसते. पांढरी बदके मात्र पांढऱ्या भिंतीपुढे ठेवू नका.

तीन हत्ती एकत्रच ठेवा. एकाच मातीच्या, वेगवेगळ्या उंचीच्या वस्तूंचा घोळका शोभतो. रांगेत, समान अंतरावर मांडल्या तर दुकानाची फळी वाटते. फायबरचे हरिण उघड्या उन्हात दोन-तीन वर्षांत फिके पडते आणि हात लावला की पांढरी भुकटी लागते, म्हणून ते झाडाच्या सावलीत हवे. वळवाच्या वाऱ्यात ते उलटूही शकते. बुडाच्या भोकातून पिशवीत भरलेली दहा-बारा किलो कोरडी वाळू आत सरकवा. ओली वाळू किंवा सिमेंटचा माल भरू नका, आत ओल कोंडून सांधे सुटतात.

बुद्धांचा चेहरा जमिनीवर टेकवून ठेवणे आम्हाला पटत नाही. चपलांच्या स्टँडपासून, मोरीच्या पाण्यापासून दूर, छातीच्या उंचीच्या स्वच्छ कट्ट्यावर ठेवावा. देवांच्या मूर्तींचेही तेच. उरलेल्या वस्तू टाकून देण्याची गरज नाही. कागदात गुंडाळून ठेवा आणि दर चार महिन्यांनी अदलाबदल करा.

प्रश्न : पाच फुटी सिमेंटची दीपमाळ फाटकाशेजारी बसवली. पहिल्याच पावसाळ्यानंतर ती डावीकडे कलली. गवंड्याने खाली विटेचे तुकडे घालून सरळ केली, तर उन्हाळ्यात उजवीकडे झुकली. आता पुन्हा कलली आहे. दोष कुणाचा? — एक वाचक, विजापूर रोड

उत्तर : मातीचा. काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. हे सगळीकडे सारखे झाले असते तर दीपमाळ एकसंध वर-खाली झाली असती; पण फाटकाच्या एका बाजूला ठिबकची नळी असते, दुसऱ्या बाजूला फरशी किंवा रस्ता. एक बाजू ओली, दुसरी कोरडी. दीपमाळ कोरड्या बाजूकडे झुकते. जवळ कडुनिंब असेल तर तो मुळांनी त्या बाजूचे पाणी ओढतो आणि माती आणखी बसते. विटेचे तुकडे घालणे म्हणजे हलत्या जमिनीवर पाचर ठोकणे. हंगाम बदलला की तीच पाचर उलटी नडते.

उपाय असा. दीपमाळेचा तळ दीड फूट चौरस असेल तर चारही बाजूंना सहा-सहा इंच जास्त धरून अडीच फूट चौरस खड्डा घ्या, खोली सव्वादोन ते अडीच फूट. निघालेली काळी माती दूर न्या, ती पुन्हा भरायची नाही. तळ धुमसाने ठोकून घ्या. मग कठीण मुरूम सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो साडेचार-पाच इंचांवर येईपर्यंत ठोका. असे थर देत दोन फूट भराव करा. सुटा मुरूम सोळा-सतरा घनफूट लागेल. इथे कंटाळा करू नका. ढिला भरलेला मुरूम हा चिकणमातीतला हौदच होतो. पावसाचे पाणी त्यात साठते आणि भोवतालची माती आणखी फुगते.

त्यावर सहा इंच जाडीचा १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटचा चौथरा, वरचे दोन इंच जमिनीच्या वर राहतील असा. त्याला साधारण २८ ते ३० किलो सिमेंट, दीड घनफूट वाळू आणि पावणेतीन घनफूट २० मिलिमीटर खडी लागते. ८ मिलिमीटरच्या सळया दोन्ही दिशांना सहा इंचांवर, तळापासून दोन इंच वर उचलून बांधा. सळया मातीला टेकल्या तर गंजून काँक्रीट फोडतात. दीपमाळ आतून पोकळ असेल तर चौथऱ्याच्या मध्यावर १२ मिलिमीटरची एक सळई उभी पुरून दोन फूट वर काढा, खालचे नळे तिच्यावरून उतरवा आणि पोकळीत पातळ माल ओता. चौथऱ्याला दहा दिवस पाणी मारा. मग अर्ध्या इंचाच्या १:४ (सिमेंट, वाळू) मालावर दीपमाळ बसवून ओळंब्याने दोन बाजूंनी तपासा.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि बहुतेक जण विसरतात ते : चौथऱ्याभोवती दीड ते दोन फूट रुंदीचा शहाबादी फरशीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. त्याने खालची ओल बारा महिने जवळजवळ सारखी राहते. ठिबकची तोटी त्या पट्ट्याच्या बाहेर हलवा. हे काम दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत करा. मेमध्ये माती पूर्ण आकसलेली असते, आणि सप्टेंबरच्या पावसात ती पुरती फुगलेली असते. दोन्ही टोकांना बसवलेली वस्तू नंतर हलतेच.

दोन फुटांच्या आतल्या, पंचवीस-तीस किलोच्या वस्तूला एवढा खटाटोप नको. जमीन चार इंच उकरा, मुरूम ठोका, वर दीड इंचाची फरशी टाका. कलली तर सरळ करायला दोन माणसे पुरतात.

प्रश्न : भाजलेल्या मातीच्या घोड्यांच्या पायांवर पांढरी बुरशी येते. पुसली तरी परत येते, आणि आता पायांचे पोपडे निघू लागले आहेत. ऑइल पेंट दिला तर थांबेल का? — एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ऑइल पेंट देऊ नका, त्याने नुकसान वाढेल. ही बुरशी नाही, बोअरच्या पाण्यातले क्षार आहेत. भाजलेली माती सच्छिद्र असते. ओल्या जमिनीतून पाणी पायांतून वर चढते, उन्हाने पृष्ठभागाशी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. बाहेर जमले तर नुसती पांढरी पूड दिसते. त्वचेच्या आत जमले तर त्यांचे स्फटिक वाढून वरची साल ढकलून देतात, तेच तुमचे पोपडे. वर रंगाचा बंद थर दिला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि रंगासकट साल सुटते.

पहिले काम जमिनीशी संबंध तोडणे. प्रत्येक घोडा दीड इंच उंचीच्या दगडी तुकड्यांवर उभा करा, खाली हवा खेळली पाहिजे. झाडांना पाणी घालताना घोड्यांवर पाइप फिरवू नका. मग कोरड्या ताठ ब्रशने पूड झाडा (ओल्या फडक्याने पुसली की क्षार विरघळून पुन्हा आत जातात) आणि घोडा पावसाच्या साठवलेल्या किंवा गाळलेल्या गोड्या पाण्यात २४ तास बुडवून ठेवा. पाणी बदलून असे तीन वेळा करा. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी यासाठी वापरू नका. त्यात क्षार मूळ पाण्याहूनही जास्त असतात. नंतर सावलीत आठवडाभर वाळवा.

हट्टी डागांना एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ब्रशने लावा, पाच मिनिटांनी भरपूर गोड्या पाण्याने धुवा. फरशी धुण्याचे ॲसिड मात्र नको, ते भाजलेल्या मातीत मुरून नवे क्षार तयार करते.

रंग हवाच असेल तर गेरू. एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम गेरू आणि ५० मिलिलिटर पांढरा डिंक, पातळ दोन हात. त्यातून माती श्वास घेते. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुन्हा द्या. सायलेन-सायलोक्झेन प्रकारचे पाणीरोधकही चालते, कारण ते छिद्रे बुजवत नाही; पण क्षार पूर्ण धुऊन, वस्तू कडकडीत वाळल्यावरच.

पुढच्या वेळी कुंभाराकडून घेताना बोटाच्या पेराने वाजवून पाहा. नीट भाजलेली वस्तू टणटणीत वाजते. भद्द आवाज आला तर कच्ची किंवा तडकलेली. अंगावर हरभऱ्याएवढे पांढरे ठिपके दिसले तर घेऊ नका, ती मातीत राहिलेली चुनखडी असते. ओल लागली की ती फुगते आणि खपली उडवते. शंका असेल तर घरी आणल्याबरोबर एक रात्र पाण्यात ठेवा, दोष लगेच दिसतो. बंद पोकळ वस्तूच्या बुडाला असलेले भोक कधी बुजवू नका.

प्रश्न : छोटे कारंजे लावायचे आहे. पण नळाला रोज पाणी नसते, आणि डेंग्यूची भीती वाटते. लावावे की नाही? — एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : उघड्या तबकड्यांचे तीन मजली कारंजे नको. हिशेब पाहा : ६० सेंटिमीटर व्यासाच्या एका तबकडीतून उन्हाळ्यात दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडाले असे धरले तरी ते २.८ लिटर होते. तीन तबकड्या आणि वाऱ्याने उडणारे तुषार धरले तर बारा-पंधरा लिटर सहज. शिवाय उडते ते फक्त पाणी, क्षार तळाला राहतात. रोज भर घालत गेलात की पाणी जडच होत जाते आणि पंपाच्या पंख्यावर पांढरा थर चढतो.

पाण्याचा आवाज हवा असेल तर दगडातून झुळझुळणारे कारंजे करा. ५० लिटरचे प्लास्टिकचे पिंप जमिनीत पुरा, तोंडावर जाळी, जाळीखाली मच्छरदाणीचे बारीक कापड, वर गोटे, आणि मध्ये आरपार भोक पाडलेला काळा दगड. पाणी दगडावरून ओघळून पुन्हा पिंपात उतरते. पाण्याला ऊन लागत नाही, म्हणून उडते कमी आणि शेवाळही धरत नाही. १८ वॉटचा पाण्यात बुडणारा पंप रोज तीन तास चालवला तर महिन्याला दीड युनिटच्या आसपास वीज लागते. पंप कोरडा चालला की जळतो. पाणी नेहमी त्याच्या चार बोटे वर असू द्या. पंपाच्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि प्लग पोर्चच्या छपराखाली. यात पैसे वाचवू नका, लहान मुले पाण्यात हात घालणारच.

महिन्यातून एकदा पंप काढून व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास बुडवा, थर सुटतो. पिंपातले जुने पाणी कुंड्यांना घालू नका, फरशी धुवायला घ्या.

डासांचे म्हणाल तर उष्ण दिवसांत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात. म्हणून उघड्या पाण्याच्या प्रत्येक भांड्याला आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसते ओतून भागत नाही. एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेशी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात; काथ्याने कड घासून काढा. गप्पी मासे मोठ्या हौदात चांगले काम करतात, पण तांब्याच्या घंगाळात सोडू नका, तांबे माशांना मारक आहे. नव्या सिमेंटच्या हौदात तर आधी तीन-चार वेळा पाणी भरून, दोन-दोन दिवस ठेवून ओतून द्या. ताज्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे तगत नाहीत.

आमची खरी शिफारस पक्ष्यांच्या पाणपात्राची आहे. सोळा-अठरा इंच रुंद, मध्ये दोन इंच आणि कडेला अर्धा इंच खोल, आतून खरबरीत पसरट भांडे. अडीच-तीन फूट उंच खांबावर, दुपारच्या सावलीत, आणि झुडपांपासून सात-आठ फूट दूर, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही. दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरते आणि मे महिन्यात त्या बागेला जी जाग येते ती कोणत्याही पुतळ्याने येत नाही.

प्रश्न : गावाकडच्या शेतात नांगरताना कोरीव काम असलेला दगड निघाला. खाली लढाईचे चित्र, वर पिंड आणि चंद्र-सूर्य आहेत. सोलापूरच्या घरी बागेत बसवावा असे मुले म्हणतात. — एक वाचक, मंगळवेढा तालुका

उत्तर : हा दगड बागेत आणू नका. वर्णनावरून तो वीरगळ आहे : खालच्या चौकटीत लढणारा किंवा पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि स्मृती चिरंतन राहावी म्हणून चंद्र-सूर्य. गावासाठी लढून गेलेल्या माणसाची ती खूण आहे आणि तिची जागा त्या गावातच आहे. जागेवरून हलवला की तो कुठला, कुणाचा, हे सांगणारा दुवा तुटतो.

कायद्याचीही बाजू आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार १०० वर्षांहून जुने शिल्प हा पुरावशेष ठरतो आणि दगडी शिल्पांची नोंदणी करावी लागते. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचे बंधन १८७८ च्या कायद्यापासून आहे. तलाठ्यामार्फत तहसीलदारांना लेखी कळवा आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यालाही पत्र द्या. तोवर सापडला त्या जागेचा आणि दगडाचा चारही बाजूंनी फोटो काढा, गोणपाट टाकून सावलीत ठेवा. शेंदूर, तेल, चुना, ॲसिड, तारेचा ब्रश यांतले काहीही लावू नका.

काळ्या दगडाचीच हौस असेल तर घरचे जाते, पाटा, उखळ आहेत की. जात्याच्या दोन्ही तळ्या आणि खुंटा एकत्र ठेवा, वेगळे केले की ओळख जाते. काळ्या दगडाचे वजन घनफुटाला सुमारे ८० किलो धरा आणि उचलण्याआधी हिशेब करा. पाठ दुखावणारी माणसे दरवर्षी भेटतात. उखळात पावसाचे पाणी साठते, म्हणून ते काठाखाली दोन इंचांपर्यंत गोट्यांनी भरा आणि वर पक्ष्यांसाठी पाणी ठेवा.

प्रश्न : आजोबांच्या बैलगाडीचे एक चाक आणि घरच्या हातमागाचे धोटे, फणी, कांड्या आहेत. बागेत कसे मांडावे? — एक वाचक, पूर्व भाग

उत्तर : दोन्हींचे लाकूडच, पण वागणूक वेगळी. चाक बाहेर राहू शकते, हातमागाचे सामान नाही. धोटा, म्हणजे आडवा धागा वाहून नेणारा लाकडी तुकडा, गुळगुळीत, बारीक कामाचा असतो. एका पावसाळ्यात तो फुगतो आणि टोकांचे लोखंड गंजून लाकडाला काळे डाग पडतात. धोटे आणि फणी व्हरांड्याच्या आतल्या भिंतीवर, छपराच्या कडेपासून किमान चार फूट आत लावा. खिळा धोट्यात मारू नका. भिंतीत दोन पितळी हूक घेऊन त्यांवर आडवा टेकवा. विणकरांच्या पूर्व भागातल्या घरांत ही वस्तू कुठल्याही विकतच्या शिल्पापेक्षा जास्त मोलाची आहे, आणि ती काचेमागे न ठेवता हाताला लागेल अशी असावी असे आम्हाला वाटते.

चाकाचा पहिला शत्रू वाळवी. ते मातीला टेकता कामा नये : खाली दोन-तीन इंचांचे दगडी ठोकळे, मागे भिंतीपासून तीन इंच मोकळी जागा, म्हणजे वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. दुसरा त्रास उन्हाळ्यात लोखंडी धाव (चाकावर चढवलेली गोल पट्टी) सैल होण्याचा. लाकूड वाळून आकसते, धाव तेवढीच राहते. गाडीवान चाके पाण्यात बुडवून ठेवत ती याचसाठी. शोभेच्या चाकाला दर फुटाला धाव आणि लाकूड यांच्या फटीत बाभळीची पातळ पाचर पुरते.

तेल देण्याआधी लाकूड ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, पूड झटका. पहिला हात जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन समप्रमाणात, चाकाच्या मधल्या तुंब्याच्या भोकात आणि आऱ्यांच्या सांध्यांत जास्त, कारण पाणी तिथेच मुरते. २० मिनिटांनी वरचे तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट राहून धूळ धरते. एक-दोन दिवसांनी दुसरा हात, तेल तीन भाग आणि टर्पेंटाइन एक भाग. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचे तेल वाळताना तापते आणि ढिगाला आपोआप आग लागू शकते. पाण्यात भिजवून, उघड्यावर पसरून वाळवून मगच फेका.

चाक जमिनीवर आडवे टाकून त्यात फुलझाडे लावायची पद्धत दिसते. सुंदर दिसते, पण ओल्या मातीत ते चाक फार काळ टिकत नाही. घरचे, आठवणीचे चाक असेल तर हे करू नका.

प्रश्न : फ्लॅटच्या गच्चीवर काळ्या दगडाचे तुळशी वृंदावन बसवायचे आहे. स्लॅब पेलेल का? — एक वाचक, सात रस्ता परिसर

उत्तर : माणसांच्या वापराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे १५० किलोचा चल भार धरतात, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४ किलो. दीड फूट चौरस, अडीच फूट उंच वृंदावन भरीव दगडाचे असते तर ४५० किलो भरले असते. आतून पोकळ धरले तरी सव्वादोनशे, वर ओली माती. एवढा भार सव्वादोन चौरस फुटांवर येतो. सोसायटीची परवानगी आणि इमारतीच्या अभियंत्याने दाखवलेली खांबावरची जागा मिळाल्याशिवाय हे करू नका.

त्याऐवजी भाजलेल्या मातीचे किंवा पातळ फेरोसिमेंटचे (तारेच्या जाळीवर सिमेंट थापलेले) वृंदावन घ्या. माती धरून साठ-सत्तर किलोत बसते, आणि तेही तुळईवर किंवा कठड्याजवळ ठेवा. खाली दोन इंचांचे पाय हवेत, गच्चीचे पाणी अडता कामा नये. कोब्यात खिळा किंवा बोल्ट ठोकू नका. त्या एका भोकातून खालच्या घराचे छत गळते.

सिमेंटच्या वृंदावनात तुळस मरते, अशी तक्रार आणखी दोन पत्रांत आहे. बहुतेक वेळा तळाला भोकच नसते. एक इंचाचे भोक, त्यावर खापरी, मग दोन इंच विटांचे तुकडे, आणि किमान बारा इंच माती लागते : पोयटा दोन भाग, मुरलेले शेणखत एक भाग, वाळू एक भाग. काळी माती घालू नका, ती कुंडीत दगड होते. नवे सिमेंटचे वृंदावन आठवडाभर पाण्याने भरून, रोज पाणी बदलून मगच लावा. एप्रिल-मेमध्ये दुपारी ५० टक्के सावलीची जाळी बांधा आणि मंजिऱ्या वेळेवर खुडा. दिव्याचा कोनाडा पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा, पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा वात टिकू देत नाही. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून कोनाड्यात कडप्प्याचा सुटा तुकडा टाका. तो काढून धुता येतो.

प्रश्न : बागेत आरसा आणि काचेचा मोठा गोळा ठेवला तर बाग मोठी दिसते असे वाचले. इथे चालेल का? — एक वाचक, सैफुल

उत्तर : उघड्या उन्हात नाही. भरीव किंवा पाणी भरलेला काचेचा गोळा भिंगाचे काम करतो. वाळक्या पानांवर किरण एकवटले तर आग लागू शकते. आरशावरून परतणारे ऊन समोरच्या झाडाची पाने करपवते, आणि पक्षी आरशातल्या आकाशात शिरायला जाऊन आपटतात. आरसा लावायचाच तर उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर, वेलीच्या जाळीमागे, जमिनीपासून दोन फुटांच्या आत लावा. गोळा भाजलेल्या मातीचा किंवा काळ्या दगडाचा घ्या. बारा इंच व्यासाचा दगडी गोळा ४० किलोंहून जड भरतो, तेव्हा त्याला फरशीत खोबण करून बसवा, म्हणजे मुलांनी ढकलला तरी घरंगळत नाही.